सावलीतली नोकरी

बिडकीन मागं पडलं की पैठण रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसतो. दर वर्षी दसऱ्यानंतर दिसतो, यंदाही दिसला. गच्च भरलेल्या गाड्या जिनिंगकडं जाताना फांद्यांना घासतात आणि काटे आपापला वाटा काढून घेतात, एवढंच त्यामागचं कारण. पण एसटीच्या खिडकीतून ते पांढरे पुंजके दिसले की माझ्या पिंढऱ्यांमध्ये क्षणभर जडपणा उतरतो. लगेच जातोही. शरीराला तारखा लक्षात राहत नसाव्यात, मोसम राहतात. पाच-सहा वर्षांपूर्वीचा वेचणीचा एक मोसम माझ्या पायांनी अजून धरून ठेवलाय, आणि मीही त्यांना विसरा म्हणून सांगायला जात नाही.

मी रक्त काढते. लॅब टेक्निशियन असं म्हणता येतं, पण कुणी विचारलं तर मी हेच सांगते. पुढचे प्रश्न वाचतात. त्या वेळी आमची लॅब औरंगपुऱ्यात होती, दुकानांच्या एका ओळीखालच्या तळघरात. अकरा पायऱ्या उतरून खाली यायचं. आत ट्यूबलाइटचा उजेड सकाळी आठला जसा, तसाच संध्याकाळी सहाला. बाहेर दुपार झाली की नाही हे आम्हाला येणाऱ्या माणसांच्या कपाळावरच्या घामावरून कळायचं, पाऊस पडतोय का ते चपलांवरून. एसी कायम चालू, कारण मशिनांना गरम होऊन चालत नाही. माणसांचं काय, ती स्वेटर घालून बसायची. मे महिन्यात, जेव्हा वर रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतं, तेव्हा मी खाली स्वेटर घालून बसलेली असायची, आणि गावाकडं हे सांगितलं की बायका हसून हसून वाकायच्या.

इतकी वर्षं हात बघितल्यावर एक खोड लागते. चेहऱ्याकडं मी फारसं बघत नाही. चेहऱ्यावर लोक पावडर लावतात, उसनं हसू आणतात; हाताला ते जमत नाही. एसटी ड्रायव्हरचा उजवा हात डाव्यापेक्षा सावळा असतो, तो खिडकीत टेकलेला असतो म्हणून. शेतकऱ्याचा हात बाहीपाशी दोन रंगांचा होतो, वर गव्हाळ, खाली भाजलेला. दुकानदाराच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा उठतच नाही, कारण पट्ट्याखालचा आणि बाहेरचा रंग एकच. कॉलेजातल्या पोरींचे हात मात्र सगळ्यात सोपे. कोपरापर्यंतचे हातमोजे काढले की खाली निळी शीर लगेच सापडते, शोधावी लागत नाही.

या पोरींचं मला कौतुक वाटतं आणि थोडी गंमतही. आमच्या शहरात स्कूटीला किल्ली लावायच्या आधी तोंड बांधायचा एक सोहळा असतो. स्कार्फचे तीन वेढे, मागं गाठ, वर गॉगल, अंगात पूर्ण बाह्यांचा सनकोट. क्रांती चौकातल्या सिग्नलला अशा दहा-पंधरा जणी उभ्या दिसल्या की मला कापसातल्या बाया आठवतात. त्याही अशाच असतात, लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला दस्ती गुंडाळलेली, दोन डोळे तेवढे उघडे. फरक इतकाच की या चार मिनिटांत कॉलेजात पोचतात आणि त्या संध्याकाळपर्यंत तिथंच असतात.

माझी माय त्यांच्यातली. पैठणच्या अलीकडं आमचं गाव. आमची जमीन नव्हती, माय दुसऱ्यांच्या शेतात जायची. खुरपणी, निंदणी, आणि दसऱ्यापासून कापूस. कापूस दवात ओला असतो म्हणून ऊन चढल्याशिवाय वेचत नाहीत, हे मला शाळेत शिकवायच्या आधी माहीत होतं. कापसाची वाळलेली बोंडं बोटांच्या कडा कापतात. संध्याकाळी माय चुलीपुढं बसून नखांच्या कडेला गोडं तेल लावायची आणि लावता लावता एकच वाक्य म्हणायची, "तू शिक. सावलीतली नोकरी धर." कुठली नोकरी, किती पगाराची, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. डॉक्टरीण, बाई, कारकुनीण, काहीही. वर छप्पर आणि पंखा पाहिजे. आमच्या गल्लीत मुलीसाठी लोक देखणा नवरा मागायचे, माय सावली मागायची.

तळघरात मला नोकरी लागली तेव्हा ती एकदा पाहायला आली होती. अकरा पायऱ्या उतरली, एसीच्या वाऱ्याखाली उभी राहिली, पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि म्हणाली, हिथं तर ऊन सापडायचं नाय. याहून मोठं प्रशस्तिपत्र मला नंतर कधी मिळालं नाही. गावात जाऊन तिनं सांगितलं की माझी लेक जमिनीच्या खाली असते, तिथपर्यंत ऊन पोचतच नाय. ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

तर तो मोसम. दिवाळीच्या आसपास मला थकायला झालं. कामानं येणारा थकवा जेवलं, झोपलं की उतरतो. हा उतरायचा नाही. सकाळी उठल्यावरच अंग आंबलेलं असायचं. मांडीवर हात टेकल्याशिवाय जमिनीवरून उठता येईना. नडगीच्या हाडावर बोट दाबलं की दुखायचं, आणि मी उगीचच दाबून बघायची. पायऱ्या चढताना सातव्या पायरीवर थांबायला लागले, मग पाचव्या. नवरा म्हणाला, वय होतंय. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे आणि दोन दोन पायऱ्या एकदम चढतो, त्यामुळं त्याचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही. पण मन कशातच लागत नव्हतं, हे खरं. दुपारी दोन वाजता ट्यूबलाइटखाली बसून मी एका बाईचं नाव तीन वेळा चुकीचं लिहिलं. आमच्या कामात नाव चुकलं तर एकाचं दुखणं दुसऱ्याच्या घरी जातं. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

आमच्याकडं सय्यदभाई होते, माझ्याहून सिनिअर, तरी मला बाजी म्हणजे ताई म्हणणारे, मशिनांवर पोटच्या लेकरासारखं लक्ष ठेवणारे. त्यांनीच माझं रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून मी म्हटलं, मशीन बिघडलंय, व्हिटॅमिन डी इतकं कमी असूच शकत नाही. हे शहर कुठलं, इथं ऊन किती. त्यांनी शांतपणे मशीन तपासायचा, ठरलेल्या आकड्याचा नमुना परत चालवला, तो बरोबर आला. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मशीन बराबर है बाजी. तुम बराबर नै." आणि रिपोर्ट माझ्या हातात दिला.

इतकी वर्षं असेच रिपोर्ट मी लोकांच्या हातात देत आले होते. लोक हसायचे, कुणी चिडायचे. एकानं मला विचारलं होतं की मॅडम, उन्हानं माणसं मरतात आपल्याकडं, आणि तुम्ही म्हणता ऊन कमी पडलं? मी म्हणाले होते, डॉक्टरांना विचारा. आता डॉक्टरांना विचारायची पाळी माझी होती. त्या बाई तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, औषध देते, पण औषधावर जन्म काढू नका. हाडांना जे लागतं ते कातडी उन्हात बनवते, आणि तुमची कातडी वर्षानुवर्षं बिनकामाची बसून आहे. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ लागतं, माणूस वेळेवर जागा होतो, वेळेवर झोपतो, तेही तुमचं बिघडलेलं आहे, कारण तुम्ही आठला खाली उतरता ते सहाला वर येता. पण हे जे कमी पडलंय, त्याला वरचं ऊन लागतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते ते. थोडाच वेळ, पण हात-तोंड उघडं ठेवून.

मी शिकलेली बाई. घरी बाल्कनी होती, तिला आम्ही धूळ येते म्हणून सरकत्या काचा बसवून घेतल्या होत्या. पंधरा दिवस दुपारच्या सुट्टीत मी घरी जाऊन त्या काचेआड खुर्ची टाकून बसले. अंग छान शेकायचं, डोळे मिटायचे, बरं वाटतंय असं मी स्वतःला सांगायचीसुद्धा. नंतर डॉक्टरबाईंना मोठ्या फुशारकीनं हे सांगितलं तेव्हा त्या पेन खाली ठेवून हसल्या. काचेतून उजेड येतो, ऊबही येते, पण पाहिजे ते काच बाहेरच ठेवते. पंधरा दिवस मी नुसती शेकली जात होते, पापडासारखी. ज्या शहरात सावलीसाठी भांडणं होतात तिथं चाळिशी ओलांडलेल्या बाईला वीस मिनिटांचं ऊन मिळवता येईना, याचं मला वाईट वाटण्यापेक्षा आश्चर्यच जास्त वाटलं. गच्चीला सोसायटीचं कुलूप, पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलं तर लोक विचारणार किल्ली विसरली का, बागेत जावं तर दुपारी ती बंद. आपण उन्हापासून वाचण्याची व्यवस्था इतकी चोख करून ठेवलीय की परत आत शिरायला दार राहिलेलं नाही.

ऊन या शब्दाशी आपलं वागणंही गमतीचं आहे. थंडीत आपण ऊन खातो, उन्हाळ्यात आपल्याला ऊन लागतं, मुलाला उन्हात जाऊ नको म्हणतो आणि पापड-गव्हाला मात्र ऊन दाखवायला नेतो. गव्हाला किडा लागू नये म्हणून ऊन, गादीचा कुबट वास जावा म्हणून ऊन, मिरचीला, शेवयांना, सातूला ऊन. घरातल्या सगळ्या वस्तू वर्षातून एकदा बाहेर काढून उन्हात पसरायच्या, आणि पसरणारीनं डोक्यावर पदर घेऊन पळत घरात यायचं. कातडी काळी पडेल ही एक भीती, आणि दुसरी भीती न बोललेली, की कुणी बघितलं तर मजूर समजेल. ही दुसरी मी आमच्या घरात जवळून पाहिलीय.

कारण मी एक ठरवलं होतं आणि ते मायला सांगायचं होतं. लॅबमध्ये एक जागा होती, घरोघरी जाऊन रक्त आणायची. म्हातारी माणसं, बाळंतिणी, पाय मोडलेले, यांच्याकडं स्कूटीवर जायचं, सकाळपासून दुपारपर्यंत. तळघरातल्या कुणालाच ती नको असायची. पगार तोच, पण मान एक पायरी खालचा. मी ती मागून घेतली. सय्यदभाई म्हणाले, सोच लो बाजी. माझा विचार करून झाला होता. तळघरात मी आणखी वर्षभर राहिले असते तर कुणाच्या तरी नळीवर चुकीचं नाव पडलं असतं, नाहीतर मीच पायरीवर बसून राहिले असते.

मायला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, म्हणजे उनात फिरायचं? मी म्हणाले, हो. "लोकाच्या दारोदार?"

दारोदार हा शब्द आमच्या घरात हलका नाही. माझ्या पणजीनं भाकरीसाठी दारोदार केलेलं, आजीनं लहानपणी तिच्या मागं मागं केलेलं, आणि धम्मात आल्यावर आमच्या वस्तीनं जी कामं सोडली त्यात हे सगळ्यात आधी सोडलं. मी सांगायचा प्रयत्न केला की हे वेगळं आहे, लोक फोन करून बोलावतात, पाणी देतात, मॅडम म्हणतात. ती ऐकत होती की नव्हती कळेना. शेवटी म्हणाली, "मंग म्या कामून इतके दीस उनात मेले?" आणि फोन ठेवला. रागानं ठेवला असता तर बरं झालं असतं; तिनं आपला हळूच ठेवला.

पुढचे दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. मला रडू आलं ते त्या काळात, बाकी दुखण्यानं नाही. मला उन्हातून बाहेर काढायला तिनं किती उन्हं अंगावर घेतली होती, आणि मी औषधाच्या चिठ्ठीवर तेच लिहून घेऊन आले होते. डॉक्टरबाईंना हे कसं सांगणार? त्यांच्या पुस्तकात ऊन म्हणजे किरण. आमच्या घरात ऊन म्हणजे दुसऱ्याचं शेत.

मध्ये एक गोष्ट झाली. गुडघे धरतात म्हणून माय चार महिन्यांपूर्वी शहरात आली होती तेव्हा मी तिचं रक्त काढून ठेवलं होतं आणि त्यात मी सगळ्या तपासण्या लावल्या होत्या, घरचंच माणूस म्हणून. तो रिपोर्ट साखर बघून फाइलमध्ये गेला होता. तो काढून बघितला. तिचं व्हिटॅमिन डी उत्तम होतं. सत्तरीला टेकलेली बाई, दूध कधी पोटभर प्यायली नाही, आणि तिची हाडं माझ्यापेक्षा सरस. मी तिला दोन वर्षांपासून सांगत होते की आता शेतात जायचं नाही, लेक कमावती आहे, लोक काय म्हणतील. ती तरी जायचीच, उघड्या हातांनी खुरपणीला आणि मग वेचणीला, सोबतिणी असतात म्हणून, आणि मला फोनवर सांगायची की घरीच बसून आहे. मागं पाखरांचा आणि बायकांचा आवाज यायचा.

तिसऱ्या रविवारी मी एसटीनं गावाला गेले. घराला कडी होती. शेजारणीनं हातानंच रानाकडं दाखवलं. मी स्कार्फ बांधूनच निघाले, सवयीनं. शेतांमधल्या पांदीतून जाताना माझी सावली पायाशी आखूड पडत होती, म्हणजे डॉक्टरबाईंची वेळ झाली होती. पाय जड होते आणि वाट तशी काही लांब नव्हती, तरी मी दोनदा थांबले.

माय कापसात होती, पाठमोरी, कमरेला बांधलेल्या फडक्याचा ओटा कापसानं भरलेला. मला बघून तिनं हातातलं बोंड पुरं केलं, मग बांधावर आली. तिच्या सोबतिणी लांबून बघायला लागल्या. मी धापा टाकत होते आणि ते तिला दिसलं. ती म्हणाली, बस खाली. मी हात टेकून बसले. ती माझ्या त्या टेकलेल्या हाताकडं बघत राहिली.

मी काही समजावायला गेले नाही. पिशवीतून दोन्ही रिपोर्ट काढले, तिचा आणि माझा, आणि दोन आकड्यांवर बोट ठेवलं. ती सहीपुरतं लिहिते-वाचते, पण आकडे तिला येतात. हे तुझं, म्हटलं, आणि हे माझं. तुझ्या अंगात आहे ते माझ्या अंगात नाही. तिनं दोन्ही कागद शेजारी धरून पुन्हा पुन्हा बघितले. मग विचारलं, "ह्ये लहान हाय ते तुझं?"

"व्हय."

"सावलीनं?"

मी हो म्हणाले. नोकरी सावलीतली होती, मी पण तिला घट्ट धरून बसले, असं काहीतरी म्हणाले. त्यात तुझी चूक नाही, असंही म्हणणार होते, पण ते म्हटलं असतं तर चूक झाली असं ठरलं असतं. वेचणाऱ्या बाया कामाला लागल्या होत्या.

तिनं कागदांची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग माझ्यापुढं वाकून तिनं माझ्या स्कार्फची गाठ सोडली. तीन वेढे उलगडले. सनकोटाची बटणं काढली, बाह्या कोपराच्या वर सारल्या, शाळेत जाताना केस विंचरायची तशीच, जरा धसमुसळ्या हातानं. माझे हात उघडे पडल्यावर तिनं ते उलटेसुलटे करून पाहिले. तिच्या बोटांच्या कडा चिरलेल्या होत्या, त्या माझ्या कातडीला लागत होत्या.

"किती येळ बसावं लागतंय?"

"वीस मिनिटं."

"बस मंग. म्या हाय."

आणि ती उभी राहिली. कामावर परत गेली नाही, कुठं बसलीही नाही, ओटा पोटाशी धरून माझ्याजवळ उभीच राहिली. मी डोळे मिटले. ऊन लागेल म्हणून वाट पाहत होते, पण हात गारच राहिले. डोळे उघडून पाहिलं तर ती दक्षिणेला उभी होती, उन्हाच्या बाजूला, आणि तिची सगळी सावली माझ्या अंगावर पडली होती. तिला ते माहीतही नसावं. मी सरकले, तशी तीही नकळत सरकली आणि सावली परत माझ्यावर आली.

हे सांगणं मला फोनवरच्या बोलण्यापेक्षा अवघड गेलं.

"माय," मी म्हणाले, "जरा बाजूला हो."

तिनं खाली बघितलं, तिची सावली माझ्या मांडीवरून हातांवर, हातांवरून गळ्यापर्यंत आली होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग ओटा सावरत दोन पावलं बाजूला झाली.